नवे आउटपुट लावल्या लावल्या पुन्हा का उडतात? पॉवर ॲम्प्लिफायर दुरुस्तीचा योग्य क्रम

गणपती महिन्यावर आले की माझ्या बेंचवर एकाच तक्रारीची मशीन येऊ लागतात. "आउटपुट उडाले होते, नवे टाकले, चालू केलं आणि फटकन पुन्हा गेले." आउटपुट म्हणजे स्पीकरला करंट देणारे शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर. काही मशीन तर तीन-तीन वेळा नवे ट्रान्झिस्टर खाऊन आलेली असतात. दर वेळी चूक तीच असते. जळलेला ट्रान्झिस्टर दिसला, तो बदलला आणि मशीन थेट लाइनवर लावलं. पण आउटपुट जळणं हा बहुतेक वेळा शेवटचा परिणाम असतो. खरं कारण त्याच्या मागे ड्रायव्हरमध्ये (आउटपुटला चालवणारा आधीचा ट्रान्झिस्टर), एखाद्या दहा ओहमच्या रेझिस्टरमध्ये किंवा बायसच्या प्रीसेटमध्ये (सिग्नल नसतानाही आउटपुटमधून वाहणारा थोडा करंट ठरवणारा, फिरवायचा रेझिस्टर) बसलेलं असतं आणि नव्या मालाची वाट पाहत असतं.

म्हणून या लेखात सगळा भर क्रमावर आहे. मागची स्टेज सिद्ध झाल्याशिवाय महागडे आउटपुट बसवायचे नाहीत, आणि मशीन सिद्ध झाल्याशिवाय स्पीकर जोडायचा नाही.

इथे मी वजनदार ट्रान्सफॉर्मरचं, प्लस-मायनस सप्लायचं, ट्रान्झिस्टरवालं मशीन धरलं आहे. आपल्याकडे मंडपात, ऑर्केस्ट्रात आणि घरगुती असेंबल सेटमध्ये सर्वाधिक दिसणारं, म्हणजे ५२०० (एनपीएन) आणि १९४३ (पीएनपी) या ट्रान्झिस्टरच्या जोड्यांचं. एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग सप्लायच्या हलक्या मशीनला हा लेख वापरू नका. तिथे मेन्सच्या बाजूच्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि कामाची पद्धत वेगळी असते.

## १. झाकण उघडण्याआधी चार प्रश्न

मशीन कधी बंद पडलं? त्या वेळी किती बॉक्स जोडलेले होते? लाइन जनरेटरची होती का? आधी कोणी उघडलं होतं का?

बॉक्सचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २ ओहम. व्होल्टेज तेच राहतं आणि करंट चौपट होतो. किमान ४ ओहमसाठी बनवलेल्या मशीनला एका चॅनेलवर चार बेस बॉक्स लावले असतील, तर तुमची दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी मशीन आठवड्यात परत येईल. स्पीकरची वायरही मागवून घ्या. पिनच्या आत दोन तारांचे बारीक धागे एकमेकांना लागलेले मी कितीदा पाहिले आहेत.

## २. बेंचची तयारी

डायोड रेंज असलेला मल्टिमीटर, ६० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढायचा पंप, हीटसिंक पेस्ट, मायका आणि बुश (ट्रान्झिस्टर आणि त्याचा स्क्रू हीटसिंकपासून वेगळे ठेवणारे इन्सुलेटर) एवढं बहुतेकांकडे असतं. ज्या तीन गोष्टी नसतात, त्यांच्यावाचून मात्र काम सुरू करू नका.

पहिली, सिरीज बल्ब. मशीनच्या फेज वायरमध्ये १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही. आत कितीही मोठा शॉर्ट असला तरी १०० वॅटचा बल्ब अर्ध्या अँपियरपेक्षा कमी करंट सोडतो. मशीन वाचतं, बल्ब पेटून सांगतो.

दुसरी, डमी लोड, म्हणजे तपासताना स्पीकरच्या जागी लावायचा भार. ८ ओहम, १०० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर.

तिसरी, कंडेन्सर रिकामे करायला १०० ओहम १० वॅटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेशनच्या वायर आणि क्लिप लावलेला.

सावध: सिरीज बल्ब मशीनला वाचवतो, तुम्हाला नाही. बल्ब लावलेला असतानाही स्विच, फ्यूज होल्डर आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर पूर्ण २३० व्होल्ट असतात. मशीनची अर्थिंग काढून काम करू नका. चालू मशीनमध्ये एकच हात घाला आणि त्या वेळी घरात किंवा दुकानात दुसरं कोणीतरी असू द्या.

## ३. फिल्टर कंडेन्सर रिकामे करा

प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही. ३५-०-३५ च्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक बाजूला ४८ व्होल्टच्या आसपास डीसी साठतो, म्हणजे प्लस ते मायनस मिळून ९६. आउटपुट ओपन (आतून तुटलेले) असलेलं मशीन असेल तर तो साठा खूप वेळ तसाच राहतो.

रेझिस्टर आधी प्लस आणि ग्राउंडमध्ये लावा, मग मायनस आणि ग्राउंडमध्ये. १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १०० ओहममधून साधारण पाच सेकंदांत रिकामा होतो. तसे दोन-तीन समांतर असतील तर वेळही दुप्पट-तिप्पट. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामे करायची सवय सोडा. त्यात बोर्डावरची तांब्याची पट्टी जळते, कंडेन्सरचं आतलं जोड ढिलं होतं आणि उडालेला धातूचा कण डोळ्यात जाऊ शकतो.

तपासा: दोन्ही बाजूंना मीटर १ व्होल्टच्या खाली दाखवतो का? त्यानंतरच बोर्डला हात लावा.

## ४. आधी फोटो, मग साफसफाई

वायरींचे, बोर्डाचे, ट्रान्झिस्टरच्या क्रमांकांचे फोटो काढा. मग नीट पाहा. मिरवणुकीतून आलेल्या मशीनच्या हीटसिंकमध्ये आणि पंख्यात गुलाल भरलेला असतो. दमट हवेत तो चिकटून बसतो, पंखा अडतो आणि तापलेलं मशीन त्यातच जातं. कोकणातून आलेल्या मशीनमध्ये पाल, मुंग्या, हिरवट पडलेले पाय शोधा. ब्रश आणि ब्लोअरने साफ केल्याशिवाय पुढची मोजणी करू नका.

जळका भाग दिसला की तो टिपून ठेवा, पण तिथेच थांबू नका. आउटपुटजवळचा १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, म्हणजे झोबेल, काळा पडला असेल तर मशीन कानाला न ऐकू येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होत होतं, म्हणजे सिग्नल नसतानाही आपोआप कंपनं काढत होतं, असा संशय धरा. हे चिन्ह फार जण सोडून देतात. नुसता रेझिस्टर बदलतात आणि ऑसिलेशन तसंच राहतं.

फ्यूजही बघा. त्यावर तार गुंडाळलेली असेल तर आधीच्या माणसाने आजार झाकला आहे, आणि नुकसान जिथे थांबायला हवं होतं त्याच्या पुढे गेलं आहे असं समजून चाला.

## ५. वीज न देता मोजणी

दुरुस्तीचा निम्मा वेळ इथे गेला पाहिजे. घाई करणाऱ्यांचं काम इथेच बिघडतं.

आधी ब्रिज रेक्टिफायर आणि फ्यूज. मग प्लस लाइन (सप्लायची प्लस बाजू) ते आउटपुट आणि मायनस लाइन ते आउटपुट. शून्याजवळ दाखवलं तर त्या बाजूचा एखादा आउटपुट शॉर्ट आहे. पण एका बाजूला चार ट्रान्झिस्टर समांतर असतील तर एक शॉर्ट झाला तरी चारही शॉर्ट दिसतात. म्हणून सगळे बाहेर काढा, कुठला कुठे होता ते लिहून ठेवा आणि सुटे मोजा.

एनपीएन ट्रान्झिस्टर डायोड रेंजवर असा मोजायचा: लाल प्रोब बेसला, काळा एकदा कलेक्टरला, एकदा एमिटरला. दोन्ही वेळा ०.५ ते ०.७. प्रोब उलटे केले की काहीच नाही. कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी काहीच नाही. पीएनपीला प्रोब उलटे. ५२०० आणि १९४३ चे पाय समोरून डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर असे असतात. बीडी १३९ चे उलटे, म्हणजे एमिटर, कलेक्टर, बेस. ड्रायव्हरला एकाच्या जागी दुसरा नंबर टाकताना ही गल्लत नेहमी होते.

मीटरवर ठीक दिसलेला ट्रान्झिस्टर ५० व्होल्टवर लीक होऊ शकतो. मीटर पास करतो तो फक्त संशयितांच्या यादीतून खाली सरकतो, इतकंच.

आता आउटपुटच्या मागे चला. हाच भाग लोक सोडतात.

एमिटर रेझिस्टर: ०.२२ किंवा ०.३३ ओहम, ५ वॅटचे पांढरे ठोकळे. दिसायला नवे कोरे आणि आतून ओपन, हे सर्रास होतं. इतकी लहान किंमत साध्या मीटरने अचूक मोजता येत नाही, कारण प्रोबच्या वायरीच ०.२ ते ०.४ ओहम दाखवतात. प्रोब एकमेकांना लावून येणारा आकडा वजा करा. इथे फक्त ओपन किंवा फार वाढलेला शोधायचा आहे.

बेस रेझिस्टर: २.२ ते १० ओहम. आउटपुट शॉर्ट होताना लाइनचं व्होल्टेज बेसमधून मागे घुसतं आणि हे ओपन होतात. एक ओपन राहिला तर त्या बाजूचा एक ट्रान्झिस्टर बंद पडतो, त्याचा भार बाकीचे उचलतात आणि जोरात वाजवताना जातात. माझ्याकडे एक मशीन तीनदा आउटपुट बदलून आलं होतं. त्यात एवढाच दोष होता. रुपया-दोन रुपयांचा रेझिस्टर.

ड्रायव्हर: टिप ४१ आणि टिप ४२ किंवा तत्सम जोडी. आउटपुट शॉर्ट झाले असतील तर ड्रायव्हर बाहेर काढूनच मोजा. बेस-एमिटरमधला रेझिस्टर बोर्डावर आकडा फसवतो.

बायस ट्रान्झिस्टर: हीटसिंकला चिकटवलेला असतो, बोर्डापर्यंत वायर किंवा लांब पाय. याचा एक पाय ड्राय सोल्डर झाला, म्हणजे सोल्डरचा जोड सुटला, की बायस एकदम वर जातो आणि सगळे आउटपुट एका क्षणात जातात. वायरी हलवून बघा, जोड पुन्हा सोल्डर करा.

बायसचा प्रीसेट: आतला सरकता संपर्क जुन्या मशीनमध्ये तुटतो. प्रीसेट बायस ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमध्ये असेल तर तो ओपन झाल्यावर बायस कमी होतो, मशीन वाचतं. कलेक्टर-बेसमध्ये असेल तर बायस कमालीला जातो. स्वस्त बोर्डांवर ही दुसरी मांडणीही सापडते. पट्टी बघून खात्री करा आणि प्रीसेटवर शंका आली तर नवाच टाका.

यानंतर प्रीड्रायव्हर, इनपुटची ट्रान्झिस्टर जोडी, झेनर आणि लाइनमधले १०-१०० ओहमचे छोटे रेझिस्टर. एक चॅनेल चांगलं असेल तर काम सोपं होतं. दोन्ही चॅनेलवर तेच दोन बिंदू मोजा आणि आकडे शेजारी शेजारी लिहा. फरक दिसला तिथे थांबा.

## ६. नवे भाग घेताना

५२०० हा २३० व्होल्ट, १५ अँपियर, १५० वॅटचा भाग आहे. नकली माल तेच छापून येतो. पुण्यात बुधवार पेठ असो की मुंबईत लॅमिंग्टन रोड, ओळखीच्या आणि बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. बाजारभावापेक्षा फार स्वस्त मिळाला तर नका घेऊ. एका चॅनेलचे सगळे आउटपुट एकदम आणि एकाच लॉटचे बदला. "गेलाय तेवढाच टाका" असं गिऱ्हाईक म्हणेल, पण वाचलेल्यांनीही तो झटका सोसलेला असतो. जुने आणि नवे करंट सारखा वाटून घेत नाहीत.

सावध: जुना फाटका मायका पुन्हा वापरू नका. हीटसिंकच्या भोकाची धार सपाट करा. ५२०० ची पाठ कलेक्टरला जोडलेली असते, त्यामुळे धातूचा एक बारीक कण मायका भेदून लाइन बॉडीला लावतो.

## ७. आउटपुट न बसवता पहिली सुरुवात

आउटपुटच्या जागा रिकाम्या. स्पीकर नाही, डमी लोड नाही, इनपुट नाही. ड्रायव्हर आणि मागचं सगळं बसवलेलं.

इथे एक अडचण येते. काही मशीनमध्ये ड्रायव्हरचे एमिटर आपापल्या रेझिस्टरने आउटपुट लाइनला जोडलेले असतात, तिथे फीडबॅकचा, म्हणजे आउटपुट परत इनपुट स्टेजला नेणारा, मार्ग पूर्ण असतो. पण अनेक बोर्डांवर दोन ड्रायव्हरच्या मध्ये एकच रेझिस्टर असतो. आउटपुट काढले की आउटपुट लाइन तुटते, फीडबॅक मिळत नाही आणि मशीन प्लस किंवा मायनसला चिकटतं. मग चांगल्या बोर्डालाही दोष देऊन माणूस दिवसभर शोधत बसतो. उपाय सोपा आहे. प्रत्येक बाजूला एका रिकाम्या जागेच्या बेस आणि एमिटरच्या पॅडवर १०० ओहम अर्ध्या वॅटचा तात्पुरता रेझिस्टर लावा. मार्ग पूर्ण होतो.

आता सिरीज बल्बवर चालू करा. बल्ब क्षणभर पेटून विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा आणि पाचव्या टप्प्यावर परत जा.

बल्ब विझला तर या क्रमाने मोजा:

१. प्लस आणि मायनस लाइन एकमेकांच्या एक-दोन व्होल्टच्या आत.
२. आउटपुट ते ग्राउंड ५० मिलिव्होल्टच्या खाली. लाइनला चिकटलं असेल तर फीडबॅकचा रेझिस्टर, इनपुटची जोडी आणि प्रीड्रायव्हर बघा.
३. वरच्या आणि खालच्या बेस पॅडमधलं व्होल्टेज. प्रीसेट सावकाश फिरवला की ते सावकाश बदललं पाहिजे, उडी मारता कामा नये. शेवटी सर्वात कमी आकड्यावर ठेवा. कुठल्या दिशेला कमी होतं ते मीटरने ठरवा, अंदाजाने नको.
४. बायस ट्रान्झिस्टरजवळ आयर्नचं टोक धरून तो गरम करा. तेच व्होल्टेज खाली आलं पाहिजे. आलं नाही तर मशीन तापल्यावर बायस धावेल आणि नवे आउटपुट जातील.
५. फोनमधून हलका सूर इनपुटला द्या. आउटपुटवर एसी व्होल्ट दिसले पाहिजेत.

ही पाचही उत्तरं मिळाली की माझ्या मते दुरुस्ती संपत आली. न मिळाल्यास आउटपुटची पाकिटं उघडूसुद्धा नका.

## ८. एक जोडी, मग बाकीच्या

कंडेन्सर रिकामे करा, तात्पुरते रेझिस्टर काढा. एक एनपीएन, एक पीएनपी एवढीच जोडी बसवा. पेस्टचा पातळ थर, नवा मायका, बुश, स्क्रू बेताने घट्ट.

तपासा: कलेक्टर ते हीटसिंक, मीटरच्या सर्वात मोठ्या ओहम रेंजवर, पूर्ण ओपन. स्क्रू घट्ट केल्यानंतर मोजा, आधी नाही.

सिरीज बल्बवर चालू करा. पुन्हा बल्ब विझतो का, आउटपुटचा डीसी ५० मिलिव्होल्टच्या खाली आहे का? ठीक असेल तर बाकीच्या जोड्या बसवून हीच तपासणी पुन्हा करा. जोड्या जास्त असतील तर बल्बची तार किंचित लाल राहते. ती हळूहळू उजळत गेली तर बंद करा.

## ९. बायस लावणे

आता बल्ब काढून योग्य रेटिंगच्या फ्यूजसह थेट लाइनवर. बायस कमीत कमीवरच असला पाहिजे. मीटर मिलिव्होल्टवर, एका एमिटर रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना क्लिपने लावा. प्रोब हाताने धरून घसरला तर सगळं काम एका ठिणगीत जातं.

०.२२ ओहमवर ५.५ मिलिव्होल्ट म्हणजे २५ मिलिअँपियर, ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५०. कंपनीने आकडा दिला असेल तर तोच. नसेल तर प्रत्येक ट्रान्झिस्टरला २५ च्या आसपास लावा, १५ मिनिटं थांबा, पुन्हा बघा. मंडपात रात्रभर चालणाऱ्या मशीनला मी कमीच ठेवतो. "आवाज खुलतो" म्हणून बायस चढवून दिलेली मशीन उन्हाळ्यात परत येतात.

तपासा: समांतर ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवरचे आकडे जवळपास सारखे आहेत का? एखादा शून्य असेल तर त्याचा बेस रेझिस्टर किंवा सोल्डर बघा.

## १०. रिले आणि डमी लोड

रिले (स्पीकर जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) ओढत नसेल तर त्याच्या कॉन्टॅक्टवर तार टाकून स्पीकर जोडणं ही सगळ्यात महाग चूक. आउटपुटवर डीसी असेल तर बेस स्पीकरची कॉइल काही क्षणांत जळते. रिलेच्या आधी डीसी मोजा. तिथे शून्याजवळ असेल तरच दोष प्रोटेक्शन सर्किटमध्ये आहे. तिथे १२३७ नंबरची आयसी असते का ते बघा, तिच्या सप्लायचा रेझिस्टर आणि रिलेची कॉइल तपासा. जुना रिले डीसीने कॉन्टॅक्ट चिकटून बसलेलाही असू शकतो. तो घासून वापरू नका, बदला.

डमी लोड लावा आणि सूर द्या. साधे मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीवर एसी चुकीचा दाखवतात, म्हणून १०० ते ४०० हर्ट्झच्या आत राहा. ८ ओहमवर २० व्होल्ट म्हणजे ५० वॅट. दहा मिनिटं चालवा. रेझिस्टर भाजण्याइतका तापतो, त्याला फरशीवर ठेवा, लाकडी बेंचवर नको.

## आउटपुट शाबूत असतील तर

दोन्ही चॅनेलवर जाड घुमणारा आवाज आणि व्हॉल्यूम कमी केला तरी तसाच, तर फिल्टर कंडेन्सर. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त होत असेल तर इनपुटची शिल्ड किंवा ग्राउंड. एकच चॅनेल बंद असेल तर आधी इनपुटच्या दोन वायरींची अदलाबदल करा. दोष दुसरीकडे सरकला तर पॉवर बोर्डाला हात लावायची गरज नाही.

टीडीए ७२९४ किंवा टीडीए २०३० सारख्या आयसीच्या बोर्डावर आउटपुट वेगळे नसतात, पण एक चूक कायम होते. या आयसींची पाठ ग्राउंडला नसते, मायनस सप्लायला असते. मायका न लावता ती हीटसिंकला, आणि हीटसिंक बॉडीला, की मायनसचा फ्यूज जातो. ७२९४ गप्प असेल तर ती बदलण्याआधी ९ आणि १० नंबरच्या पायांवर, म्हणजे स्टँडबाय आणि म्यूटवर, व्होल्टेज पोहोचतंय का ते बघा.

## ११. स्पीकर आणि झाकण

आधी एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर, कमी आवाजात. चालू करताना आणि बंद करताना ठक्क होते का ऐका. मग गिऱ्हाइकाचे बॉक्स, पण ते जोडण्याआधी त्यांच्या वायरीवर ओहम मोजा. ८ ओहमचा एक बॉक्स मीटरवर ६ च्या आसपास दिसतो, तसे दोन समांतर असले की ३. दीडच्या जवळ दिसलं तर जोडणीच बदलायला सांगा आणि पावतीवर तसं लिहून द्या.

शेवटी झाकण लावून तासभर गाणी चालू ठेवा. उघड्या मशीनला हवा मिळते, झाकलेल्याला मिळत नाही. तासानंतर बंद करा, कंडेन्सर रिकामे करा, झाकण उघडून एमिटर रेझिस्टरवर क्लिप लावा, चालू करून बायस लगेच मोजा. थोडा वर गेलेला असेल तर तेवढं चालतं. दुप्पट झालेला असेल किंवा मीटर बघता बघता चढत असेल, तर बायस ट्रान्झिस्टर हीटसिंकला नीट टेकलेला नाही. पेस्ट लावून तो दाबून बसवा आणि नवव्या टप्प्यापासून पुन्हा मोजा.